अळंबी ओळखायची कोणी?

२०२३ सालच्या जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या लिओनगाथा या लहानशा गावी एका स्त्रीने सासरच्या चार वडीलधाऱ्या माणसांना दुपारी जेवायला बोलावले. ताटात गोमांसाचा एक पदार्थ होता आणि त्यात बारीक वाटलेल्या अळंबीचा थर होता. आठवडाभरात चौघांपैकी तिघे दगावले. चौथा कित्येक आठवडे मृत्यूशी झुंजून वाचला. ती अळंबी ‘डेथ कॅप’ नावाची, जगातील सर्वांत घातक म्हणून ओळखली जाणारी जात होती. हे चुकून झाले की मुद्दाम, यावर दोन वर्षे जगभर चर्चा चालली. वर्तमानपत्रांचे रकाने भरले, मालिका निघाल्या. अखेर जुलै २०२५ मध्ये ज्यूरीने तिला खुनाबद्दल दोषी ठरवले आणि सप्टेंबरात जन्मठेप झाली. ३३ वर्षे तिला पॅरोलसुद्धा मागता येणार नाही.

त्या जेवणाच्या पंधरा महिने आधी, एप्रिल २०२२ मध्ये, वरच्या आसामातील चार जिल्ह्यांतून ३५ माणसे दिब्रुगढच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊन पडली. बहुतेक जण चहाच्या मळ्यांतले. सर्वांनी रानातून गोळा केलेली अळंबी खाल्ली होती. त्यांतील १३ जण दगावले, त्यात एक लहान मूलही होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर आठ-दहा ओळींत आली आणि दुसऱ्या दिवशी संपली. खून झाला नव्हता, कट नव्हता, आरोपी नव्हता. ‘विषारी मशरूम खाल्ल्याने मृत्यू’ एवढेच. सरकारने नेहमीप्रमाणे पत्रक काढले की रानातली अळंबी खाऊ नका.

या दोन बातम्यांची तुलना करून हळहळण्यासाठी हा लेख लिहीत नाही. मला छळणारा प्रश्न निराळा आहे. अळंबी ओळखता येणे म्हणजे नेमके काय? आणि ज्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखता येत होती, त्यांना ती एकाएकी का ओळखता येईनाशी होते? आषाढ-श्रावणात कोकणात, गोव्यात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारात अळंबीच्या पुड्या दिसू लागल्या की हा प्रश्न आपल्याही दारात येतो.

माझे लहानपण सावंतवाडीकडे गेले. श्रावणात मासे बंद असत. तेव्हा अळंबीचे तोणाक म्हणजे घरातला मोठा सोहळा. आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा पडवीमागच्या गवतात उगवलेल्या सात-आठ पांढऱ्याशुभ्र छत्र्या मी टोपीत भरून मोठ्या ऐटीत आजीपुढे नेल्या. आजीने टोपीत पाहिलेसुद्धा नाही. आधी विचारले, “खंय गावली तुका?” मी जागा सांगितली. “मगे ती कुत्र्याची छत्री. टाकून ये, आनी हात धुव.” मी रडकुंडीला आलो. दिसायला ती हुबेहूब खायच्या अळंबीसारखीच होती, असा माझा दावा होता. आजीने तेव्हा एक छत्री उचलून उलटी केली आणि देठाच्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, “हेचा मूळ खंय आसा?”

कुठे मिळाली, आणि मूळ कुठे आहे. हे दोन प्रश्न आजीला कोणी शिकवले ठाऊक नाही. पण त्या दोन प्रश्नांत जेवढे शास्त्र आहे तेवढे मला पुढे कित्येक सचित्र पुस्तकांत सापडले नाही.

आपल्याकडे कोकण-गोव्यात जी अळंबी मानाची, ती वारुळाची. मालवणीत वारुळाला रोवण म्हणतात, गोव्यात रोयण. शास्त्रज्ञ या कुळाला ‘टर्मिटोमायसिस’ म्हणतात, म्हणजे वाळवीची बुरशी. हे नाव १९४२ साली रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. पण वाळवीच्या घरात बुरशी वाढते ही नोंद त्याहून फार जुनी आहे आणि ती भारतातलीच आहे. तंजावर प्रांतात काम करणाऱ्या योहान गेरहार्ड कोएनिग या निसर्गशास्त्रज्ञाने १७७९ मध्येच ती केली होती.

या बुरशीचा संसार मोठा विलक्षण आहे. वाळवी वाळलेली पाने, काटक्या, लाकूड आणते, खाते, आणि त्या अर्धवट पचलेल्या लगद्याची जमिनीखाली मधपोळ्यासारखी सच्छिद्र पोळी बांधते. त्या पोळ्यावर ही बुरशी वाढते. वाळवीला न पचणारे लाकूड ती पचवते आणि बदल्यात वाळवीच्या खास काळजीत राहते. तिच्यावर उगवणारे पांढरे, मोहरीएवढे दाणे वाळवी खाते. थोडक्यात, वाळवी ही शेतकरीण आहे. आपण शेती करू लागून दहा-बारा हजार वर्षे झाली असतील. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असे मानतात. एवढ्या अवधीत तिने एकच पीक घेतले, आणि माणसाला मात्र ते आजवर व्यापारी प्रमाणावर पिकवता आलेले नाही. धिंगरी पोत्यात पिकते, बटन मशरूम कारखान्यात पिकते. वारुळाची अळंबी जिथे जिथे विकायला दिसते, ती रानातूनच आलेली असते.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. पोळी जमिनीत हात-दीड हात खाली असते. पावसाने माती भिजली की बुरशीला तिथून वर यायचे असते. म्हणून तिला भल्या लांब मुळासारखा देठ फुटतो आणि माती भेदण्यासाठी छत्रीच्या मध्यावर एक टणक, टोकदार उंचवटा असतो. हलक्या हाताने माती उकरत गेले तर ते मूळ निमुळते होत थेट वाळवीच्या पोळ्यापर्यंत पोचते. गवतावर, शेणावर, कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या छत्र्यांना हे मूळ नसते, कारण त्यांना एवढ्या खालून यायचेच नसते. आजी छत्रीचा रंग पाहत नव्हती, कारण रंग पावसाने बदलतो, उन्हाने बदलतो, वयाने बदलतो. ती छत्रीचा पत्ता विचारत होती.

अर्थात प्रत्येक जातीला हा नियम लागू नाही. याच कुळात गडचिरोली-गोंदियाकडे ‘सात्या’ म्हणून विकतात ती इवलीशी अळंबी आहे. वाळवी पोळ्याचे तुकडे स्वतःच बाहेर आणून टाकते आणि त्यांवर शेकडोंनी ही नखाएवढी अळंबी उगवते. तिला लांब मूळ नसते. ती ओळखायची ती तिच्या दाटीवरून आणि जागेवरून, आणि तिथे चूक होण्याची शक्यताही जास्त. (याच कुळात आफ्रिकेत झांबियाकडे एक जात आहे, तिची छत्री मीटरभर रुंद होते. एकाच घराण्यात नखाएवढी आणि पाटाएवढी!) म्हणजे गडचिरोलीच्या बाईचे ज्ञान आणि सावंतवाडीच्या बाईचे ज्ञान एक नाही. प्रत्येकीला आपल्या रानातल्या चार-पाच जाती पक्क्या माहीत असतात आणि बाकी सगळ्या तिच्या लेखी कुत्र्याच्या छत्र्या असतात. शहरी माणसाला ही अडाणीपणाची खूण वाटते. मला तर ती सुरक्षेची सर्वांत मोठी तजवीज वाटते. जगातील हजारो जाती ओळखण्याची तिला गरजच नाही. जे ओळखीचे नाही ते खायचे नाही, बस्स.

याच्या उलट आमच्या पुण्याच्या सोसायटीत काय घडले ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत, आठ दिवसांच्या झडीनंतर, मुलांच्या घसरगुंडीजवळच्या हिरवळीवर पांढऱ्या, वर तपकिरी खपल्या असलेल्या मोठाल्या छत्र्यांचे एक छान कडे उगवले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. कोणीतरी तो फोनवरच्या एका ओळखयंत्राला दाखवला. ‘पॅरासोल, खाण्यायोग्य’ असे उत्तर आले. मी तो संदेश वाचला, ‘सुंदर दिसताहेत’ असे लिहिले आणि झोपायला गेलो. ते दोन शब्द आजही मला बोचतात. लसूण, मिरपूड घालून केलेली भाजी त्यांच्या घरातल्या तिघांनी नऊ वाजता खाल्ली आणि अकराच्या सुमारास तिघांनाही उलट्या-जुलाब सुरू झाले. रात्र रुग्णालयात गेली. सलाइनवर तिसऱ्या दिवशी सगळे घरी आले, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी मी त्या कड्यातली एक उरलेली छत्री आणली, देठ कापला, आणि पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाकून ठेवली. सकाळी कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी सुरेख नक्षी उमटली होती, मळकट हिरव्या रंगाची. ही बुरशीची बीजे, म्हणजे बीजाणू. हिरवे बीजाणू म्हणजे ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’. उष्ण प्रदेशांत हिरवळीवर सर्रास उगवणारी आणि जगभर अळंबीच्या विषबाधेला वारंवार कारण होणारी ही जात. वारुळाच्या अळंबीचे बीजाणू फिकट गुलाबी असतात. पण गंमत अशी की या विषारी छत्रीचे खालचे पापुद्रे कोवळेपणी पांढरेच असतात, हिरवटपणा नंतर येतो. वहिनींनी कोवळ्या पाहून खुडल्या होत्या. फोटोत पांढरे दिसले, यंत्राने पांढरे पाहिले.

त्या यंत्राला मी शिव्या देणार नाही. ते फोटो पाहते, आणि फोटोत जे नसते ते त्याला दिसत नाही. मातीखालचे मूळ फोटोत येत नाही. बीजाणूंचा रंग येत नाही. वास येत नाही. आजीचा पहिला प्रश्न त्याला विचारताच येत नाही. ऑस्ट्रेलियातील विषतज्ज्ञांनी अशा तीन ॲप्सची परीक्षा घेतली. २०२३ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सर्वांत चांगल्या ॲपलाही निम्म्याहून किंचित कमी नमुने बरोबर ओळखता आले. उरलेल्या दोघांची मजल एकतृतीयांशाच्या आसपास. परीक्षेत ५० गुण मिळवणाऱ्या मुलाला आपण नापास म्हणत नाही. पण इथे उरलेल्या ५० गुणांत यकृत जाते. त्याच वर्षी इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानात यंत्राने लिहिलेली, माणसाची नजर न फिरलेली अळंबी-ओळखीची पुस्तके विकायला आली, तेव्हा न्यूयॉर्कच्या बुरशीप्रेमी मंडळाला लोकांना सावध करावे लागले.

यंत्र नवे असले तरी भ्रम जुनेच आहेत. अळंबी शिजवताना चांदीचे नाणे टाकावे, काळे पडले तर विषारी. लसूण निळी पडते का पाहावे. किडीने खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. भडक रंगाची तेवढी वाईट. चांगली उकळली की विष जाते. यांतील एकही गोष्ट खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाने, अळंबीच्या विषाशी तिचा संबंध नाही. गोगलगाय जी छत्री आनंदाने खाते, ती माणसाचा जीव घेऊ शकते. डेथ कॅप दिसायला फिकट, साधी, आणि ज्यांनी खाऊन जीव वाचवला ते सांगतात की चवीलाही उत्तम! तिचे विष उकळल्याने, तळल्याने वा वाळवल्याने नष्ट होत नाही.

या विषाचा खोटेपणा मात्र प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. आमच्या वहिनींना दोन तासांत उलट्या झाल्या. तो त्रासदायक, पण बहुधा निभावणारा प्रकार. डेथ कॅपसारख्या अळंब्यांतले ‘अमाटॉक्सिन’ मात्र सहा तास, बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ काहीच करत नाही. माणूस जेवतो, झोपतो, सकाळी कामाला जातो. मग कॉलऱ्यासारख्या उलट्या-जुलाब सुरू होतात. एक-दोन दिवसांत ते थांबतात आणि रोग्याला बरे वाटू लागते. डॉक्टरकडे गेलेला असला तर तो घरी परततो. आत यकृताच्या पेशी मरत असतात, कारण हे विष पेशीतले प्रथिने घडवण्याचे कामच थांबवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, आणि तोवर पुष्कळदा यकृत बदलण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. तेव्हा अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनी सुरू झालेला त्रास हा लवकर सुरू झालेल्या त्रासापेक्षा अधिक गंभीर समजावा, बरे वाटले तरी मोठ्या रुग्णालयातून हलू नये, आणि उरलेली भाजी किंवा कचऱ्यातले देठ बरोबर न्यावेत. लवकर त्रास झाला म्हणून निर्धास्तही राहू नये, कारण एकाच भाजीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात.

आता पुन्हा त्या आसामच्या बातमीकडे. चहाच्या मळ्यांतली ही माणसे कोण? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी छोटा नागपूर आणि आसपासच्या प्रदेशांतून मजूर म्हणून नेलेल्या आदिवासींचे हे बहुतांशी वंशज. तो मूळ प्रदेश अळंबी खाणाऱ्यांचा. झारखंडात आजही पावसाळ्यात ‘रुगडा’ आणि ‘खुखडी’ यांना मटणाच्या तोडीचा भाव येतो. सालाच्या जंगलात शिकलेली नजर घेऊन माणसे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात गेली. आवड बरोबर गेली, गरज तर होतीच. पण पत्ता बदलला. त्या १३ मृत्यूंमागे नेमके हेच कारण होते असा दावा मी करणार नाही. परंतु जगात जिथे जिथे हा प्रकार तपासला गेला, तिथे तिथे असेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते.

ऑस्ट्रेलियात डेथ कॅप मूळची नाहीच. युरोपीय लोकांनी हौसेने ओकची झाडे नेली, त्यांच्या मुळांबरोबर ही बुरशी गेली आणि कॅनबेरा-मेलबर्नच्या रस्त्यांवर स्थिरावली. तिथे तिला बळी पडणाऱ्यांत आग्नेय आशिया आणि चीनमधून गेलेली माणसे ठळकपणे दिसतात. कारण त्यांच्या गावी भाताच्या पेंढ्यावर वाढणारी एक अतिशय लोकप्रिय अळंबी आहे, आणि कोवळेपणी ती डेथ कॅपसारखी दिसते. दोघींच्याही बुंध्याला पिशवीसारखे वेष्टन असते. बीजाणू तेवढे निराळे, एकीचे गुलाबी आणि दुसरीचे पांढरे. २०१५ साली जर्मनीत सीरियातून आलेले निर्वासित याच विषाने आजारी पडू लागले, तेव्हा हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाला अरबीसह अनेक भाषांत इशारे काढावे लागले. आणि २०२१ मध्ये काबूलमधून विमानाने सुटका करून पोलंडला आणलेल्या एका कुटुंबाने वॉर्सॉजवळच्या निर्वासित केंद्रालगतच्या जंगलातली अळंबी शिजवून खाल्ली. पाच आणि सहा वर्षांची दोन भावंडे गेली. धाकट्याला वाचवता आले नाही, थोरल्याचे यकृत बदलूनही तो वाचला नाही. युद्धातून वाचवून आणलेली मुले ती.

अळंबीचे ज्ञान प्रवास करत नाही. ते जागेला बांधलेले असते, अमुक टेकाड, तमुक झाड, मृगाचा पाऊस की श्रावणाचा. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुला-मुलींनीही हे ध्यानात ठेवावे. कॅलिफोर्नियातही ओकखाली डेथ कॅप उगवते, आणि आजोळच्या आठवणी तिथल्या जमिनीला लागू पडत नाहीत.

मग ज्यांनी आपली जागा सोडलेली नाही त्यांचे काय? तिथे जागाच त्यांना सोडून चालली आहे. कोकणातले सडे जेसीबीने सपाट होतात, वारूळ म्हणजे बंगल्याच्या लाकूडकामाचा शत्रू म्हणून त्यात औषध ओतले जाते. सिंधुदुर्ग आणि गोव्यात सातेरीच्या अनेक देवळांत गाभाऱ्यातले वारूळ हीच देवी आहे. नागपंचमीला आपण जमीन खणत नाही. वारुळाला धक्का लावू नये हा संस्कार होता तोवर वाळवी आणि तिची बुरशी यांना आपोआप अभय होते. आज देवळातले वारूळ तेवढे शिल्लक राहते आणि सड्यावरचे जाते.

बाजाराचीही एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणावी की नाही कोण जाणे. हमरस्त्यावर गाड्या थांबवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला न उमललेली कळी हवी असते, ती टिकते आणि तोंडात कुरकुरते. त्यामुळे कळी असतानाच अळंबी खुडली जाते. बीजाणू पडण्याआधीच गेली, म्हणजे पुढच्या वाळवीच्या वसाहतींना मिळणारे बी कमी झाले. आणि कळीचे पापुद्रे झाकलेले असतात, मुळे धुऊन कापून टाकलेली असतात. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून काही कळले असते, त्या दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात पडतच नाहीत. तो विकणारीच्या तोंडाकडे पाहून विकत घेतो. आजवर हा विश्वास बहुतेक वेळा सार्थ ठरला, कारण विकणारी स्वतः खुडणारी होती. मधे व्यापारी आला, दहा गावांची अळंबी एका टोपलीत आली, की तो विश्वास कोणावर ठेवायचा?

कायदा या बाबतीत अंधारातच चाचपडतो. अभयारण्यातून काहीही उचलणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपजाचा हक्क दिला, पण त्याची व्याख्या ‘वनस्पतीजन्य’ अशी आहे, आणि विज्ञानाच्या पुस्तकात बुरशी वनस्पती नाही! अर्थात कोणी अधिकारी एवढा कीस पाडत नसेल. परंतु या व्यवहाराची कोणी मनापासून दखल घेतलेली नाही, हे त्यातून दिसते.

स्वित्झर्लंडमध्ये गावोगावी परीक्षा देऊन तयार झालेले अळंबी-तपासनीस असतात. त्यांची संघटना १९२५ पासून आहे. रविवारी रानात हिंडून आलेली कुटुंबे आपली टोपली त्यांच्यापुढे ओततात, ते एकेक उचलून पाहतात, वाईट तेवढी बाजूला काढतात. फ्रान्समध्ये औषध दुकानदाराला अळंबीची ओळख शिकवतात. ‘खाऊ नका’ असे पत्रक काढणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी दुसरे कालवण नाही, त्याला ते पत्रक काय उपयोगाचे? आपल्याकडे कृषी खाते पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवते. तिथे स्वयंसाहाय्यता गटांच्या बायका ओळीने बसलेल्या असतात, पाहुणे चव घेतात, फोटो निघतात. त्यांतल्याच दोन जाणत्या बायकांना आषाढ-श्रावणाचे दोन महिने आठवडी बाजारात टेबल-खुर्ची आणि मानधन देऊन बसवायला काय हरकत आहे? शेजारी विद्यापीठातला एखादा बुरशीचा विद्यार्थी बसवावा, नावे आणि बीजाणूंचे रंग टिपायला. तपासनीस नेमायचे तर परीक्षा कोण घेणार, असे एका परिचित अधिकाऱ्यांनी मला विचारले. बायकांनी विद्यार्थ्याची घ्यावी, असे मी म्हणालो. ते हसले. मी गंभीरपणेच बोललो होतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. या लेखात मूळ, उंचवटा, गुलाबी बीजाणू अशा खुणा आल्या आहेत, त्या वाचून कोणी रानात जाऊन अळंबी आणू नये. या खुणा नाकारण्यासाठी आहेत. एखादी खूण जुळली नाही तर टाकून द्यावे. सगळ्या जुळल्या तरी त्या जागेचे जाणते माणूस ‘हो’ म्हणेपर्यंत चुलीवर ठेवू नये. आजीने मला वीस वर्षांत खुडायला नेले, उकरायला शिकवले, पण शेवटचा निवाडा कधी माझ्यावर सोपवला नाही. ती गेली तेव्हा माझे शिक्षण अर्धेच झाले होते, आणि मी तोवर पुण्याला नोकरीला लागलो होतो.

घरात आता ते फक्त धाकट्या काकीला येते. तिचे वय ७६. सून मुंबईची, तिला वारुळाजवळ जायची भीती वाटते, आणि सापाचा विचार केला तर ती भीती अगदीच चुकीची नाही. नातू हुशार आहे, पण श्रावणात त्याची परीक्षा असते. काकीच्या सड्यावर तीन रोवणी होत्या. एक गेल्या वर्षी कुंपणाच्या भिंतीखाली गेली. दुसरीवर आता काही येत नाही. तिसरीवर ती जाते आणि चार-पाच उमललेल्या तशाच ठेवून बाकीच्या खुडते.

या श्रावणात तिने गावाहून येणाऱ्या एकाबरोबर सागाच्या पानात बांधून पुडी पाठवली. बाजारात धुऊन देतात तशी नव्हती, मातीसकट, मुळांसकट होती. आम्ही ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मोजली. अठरा भरली. दोघींची मुळे वाटेत तुटली होती. मी काकीला फोन केला. पलीकडून तिने विचारले, “तुटलेला मूळ पुडयेत आसा काय?” एकीचे पुडीत सापडले, ते तुटल्या जागी नीट जुळले. दुसरीचे सापडले नाही. ती आम्ही टाकून दिली.